परसातील कोंबडी व रानातील बिबट

कोंबड्यांचा विषय या मासिकात पाहून काही वाचकांच्या भुवया वर चढतील, हे आम्ही जाणून आहोत. ज्या घरांत हे मासिक वाचले जाते त्यांपैकी पुष्कळ घरांचा उंबरठा कोंबडीने आजवर ओलांडलेला नाही. आणि जेथे अंडे डॉक्टरांच्या सल्ल्याचे बोट धरून आत आले आहे, तेथेही ते बहुधा वडील माणसांच्या नजरेआडच शिजते. त्या वादात शिरण्याचे आम्हास प्रयोजन नाही. तो ज्याने त्याने आपल्या स्वयंपाकघरापुरता मिटवावा. परंतु आपल्यापैकी कित्येक कुटुंबांची शेतीवाडी अद्याप खेड्यात आहे. थोरले बंधू किंवा काका तेथील घरात राहून ती पाहतात. सुटी लागताच मुलेबाळे तेथे जातात आणि उन्हाळ्याच्या उकाड्यात अंगणात खाटा टाकून निजतात. घरामागे सालदाराचे बिऱ्हाड असते आणि त्याच्या भिंतीला टेकून कोंबड्यांचे खुराडे असते. त्या खुराड्याची कडी रात्री नीट लागली आहे की नाही, हा प्रश्न एकट्या सालदाराच्या बायकोचा नव्हे. अंगणात निजलेल्या सर्वांचा तो आहे. एवढी एकच गोष्ट आम्हास या लेखात वाचकांच्या मनावर ठसवावयाची आहे.

धानाचा मुलूख आणि त्याचे शेजारी

उदाहरणादाखल आपण आसगाव घेऊ. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील हे गाव चौरास या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धानाच्या मुलखात आहे. वैनगंगेचे खोरे, जागोजाग तलाव आणि बोड्या, बांधाबांधावर झाडे आणि त्यांपलीकडे रान, असे या भागाचे सर्वसाधारण रूप आहे. भंडाऱ्यास तलावांचा जिल्हा म्हणतात ते उगाच नव्हे. जेथे पाणी आणि आडोसा आहे तेथे हरिण येते, रानडुक्कर येते, आणि त्यांच्या मागोमाग त्यांना खाणारेही येतात. शेत आणि रान यांमध्ये येथे भिंत अशी कधीच नव्हती.

गेल्या काही वर्षांत हे शेजार अधिकच जवळचे झाले आहे. १९८८ साली याच तालुक्यात गोसीखुर्द धरणाची कोनशिला बसली आणि पुढे वैनगंगेचे पाणी मागे दूरवर पसरले. २०१२ साली उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य जाहीर झाले. ते नागपूर व भंडारा या दोन्ही जिल्ह्यांच्या हद्दीत येते आणि आपल्या नावातच पवनीस वागविते. २०१३ साली भंडाऱ्याजवळील कोका अभयारण्य आणि त्याच वर्षी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आले. नागझिऱ्यातून निघून उमरेड-कऱ्हांडल्याच्या रानात येऊन राहिलेल्या ‘जय’ नावाच्या वाघाची कथा वृत्तपत्रांनी घरोघरी पोहोचविली होती. २०१६ साली तो दिसेनासा झाला. तो ज्या वाटेने आला ती वाट काही निर्मनुष्य नव्हती. गावे, शेते, रस्ते आणि कालवे ओलांडीतच रानचे प्राणी एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातात.

वाघास कोंबडीत विशेष गोडी नसते. खुराड्याचा खरा गिऱ्हाईक बिबट होय. २०२२ च्या गणनेचे जे आकडे २०२४ साली प्रसिद्ध झाले त्यांत भारतात १३,८७४ बिबट अंदाजिले असून त्यांपैकी १,९८५ महाराष्ट्रात आहेत. आणि हा अंदाज मुख्यत्वे वनप्रदेशांतील आहे, उसाच्या फडांत व गावकुसाशी राहणारे बिबट त्यात सारे आलेले नाहीत. हा प्राणी वाघासारखा मोठ्या रानावर व मोठ्या सावजावर अवलंबून नसतो. उंदरापासून वासरापर्यंत जे मिळेल त्यावर तो गुजराण करतो, झाडावर चढतो, भिंत ओलांडतो, कवेलू सरकवितो आणि दिवसभर नाल्यातील बेशरमीच्या झुडपांत असा दडून राहतो की पन्नास हातांवर धान कापणाऱ्या बायांना त्याची चाहूलही लागत नाही.

बारा कोंबड्यांचे मोल

शहरातील वाचकास वाटेल, चार कोंबड्या गेल्या तर एवढे काय झाले? या प्रश्नाचे उत्तर खेड्यातील घराच्या हिशेबात आहे. धानाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि तो येण्यापूर्वीच त्याच्या वाटा ठरलेल्या असतात. खत, बियाणे, सोसायटीचे कर्ज, मुलीचे लग्न, यांतून जे उरते ते पुरुषाच्या हाती राहते. कोंबड्यांचा पैसा मात्र बाईच्या हातचा. गावठी कोंबडी वर्षाकाठी पन्नास-साठ अंडी देते. परसात पाळण्यासाठी हैदराबादेस तयार केलेली ‘वनराज’ किंवा बंगळुरूची ‘गिरिराज’ याहून बरीच अधिक देते. अंडी बाजारात जातात, नर सणासुदीस विकला जातो. आणि त्यातून मुलाची वही, म्हातारीचे औषध, बचतगटाचा हप्ता अशा गोष्टी कोणाकडे हात न पसरता निघतात. दाणा विकत आणावा लागत नाही. खळ्यावर सांडलेले धान, कोंडा आणि शेणातील किडे यांवर तिचे पोट भरते. इतक्या थोड्या भांडवलावर चालणारा दुसरा धंदा गरिबाच्या घरी नाही.

देशाच्या २०१९ च्या पशुगणनेत कोंबड्या-बदकादी पाळीव पक्ष्यांची संख्या सुमारे ८५ कोटी भरली. त्यांपैकी परसात पाळलेले सुमारे ३१ कोटी ७० लाख होते. मागील, म्हणजे २०१२ च्या गणनेहून परसातील पक्षी सुमारे ४६ टक्क्यांनी वाढले होते. परसातील कोंबडी ही लुप्त होत चाललेली जुनी चाल नव्हे, ती वाढत असलेली नवी चाल आहे, हे यावरून दिसून येईल. आणि जेथे कोंबड्या वाढतात तेथे त्यांचे चोरही वाढणारच.

चोर कोण ते आधी पाहावे

सकाळी खुराडे उघडावे आणि आत पिसांचा सडा दिसावा, की गावात एकच ओरड होते: ‘बिबट आला!’ वास्तविक दर वेळी तो आलेला असतोच असे नाही. कोंबडीचे शत्रू पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाची रीत निराळी आहे. दिवसा उजेडी पिल्लू नाहीसे झाले तर संशय घार, शिकरा व मुंगूस यांजवर घ्यावा. अंडी टरफलासकट गेली तर धामण किंवा घोरपड. रात्री एकटीदुकटी कोंबडी गेली आणि फटीशी पिसे राहिली तर रानमांजर अथवा उदमांजर. जमीन उकरलेली असेल तर कोल्हा किंवा गावचेच मोकाट कुत्रे. दार मोडले, कवेलू विसकटली, जाळी वाकविली, आणि एका रात्रीत बहुतेक सर्व कोंबड्या गेल्या, असे झाले तर मात्र बिबट आला असावा असे मानण्यास जागा आहे.

याची खातरजमा करण्यास एक बिनखर्ची उपाय आहे. निजण्यापूर्वी खुराड्याभोवती दोन हात रुंदीचा चुलीतील राखेचा किंवा बारीक मातीचा पट्टा पसरावा. सकाळी त्यावर चोराची सही मिळते. मांजराच्या कुळातील प्राणी चालताना नखे आत ओढून घेतात. सबब त्यांच्या पावलात नखांचे ठसे उमटत नाहीत. कुत्रा, कोल्हा व लांडगा यांच्या पावलापुढे नखांचे टोचे स्पष्ट दिसतात. रानमांजराचे पाऊल दीड-दोन इंचांचे, तर पूर्ण वाढलेल्या बिबटाचे सुमारे तीन इंच रुंद असते. चोर ओळखला म्हणजे उपाय नेमका होतो आणि मुंगसाच्या पापासाठी बिबटाच्या नावाने गावभर भीती पसरत नाही.

एका रात्रीत सारे का मरते?

बिबट खुराड्यात शिरला तर तो एक कोंबडी उचलून का जात नाही? वीस मारून दोनच का नेतो? गावकरी यास त्याचा क्रूरपणा म्हणतात. हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञाने १९७२ साली या प्रश्नावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. इंग्लंडच्या किनाऱ्यावर काळोख्या रात्री खोकडांनी जमिनीवर बसलेले कुरव पक्षी गरजेहून कितीतरी अधिक मारून टाकल्याचे त्याने पाहिले होते. त्याचा निष्कर्ष थोडक्यात असा: रानात एक सावज धरले की बाकीची पळून जातात आणि शिकाऱ्याचे काम तेथेच थांबते. पळणे हाच रानातील लगाम होय. जेथे सावज पळूच शकत नाही तेथे हा लगाम सुटतो. समोर काही फडफडत आहे तोवर मारण्याची उपजत क्रिया चालूच राहते. पोट भरणे आणि मारणे या दोन क्रिया त्याच्या ठायी एकाच दोरीने बांधलेल्या नसतात.

कोंबडीची स्थिती तर विशेष केविलवाणी. कोंबड्यापासून चार गुण शिकावेत असे चाणक्याच्या नावावर चालणाऱ्या नीतिग्रंथात सांगितले आहे. परंतु रात्री पाहण्याचा गुण त्यांत नाही. अंधार पडला की कोंबडीस जवळजवळ दिसेनासे होते. तिचे पूर्वज रानकोंबडे. ते रात्री उंच फांदीवर बसून वाचत. आपण तिला फांदीवरून खाली आणले, तेव्हा फांदीची जागा घेणारे दुसरे काही आपण तिला द्यावयास हवे होते. पुष्कळ घरांनी ते दिले नाही. डालग्याखाली डालले आणि वर एक दगड ठेवला की काम संपले असे समजण्यात आले. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही अशी आपली म्हण आहे. कोंबडी झाकली म्हणून बिबट यायचा राहत नाही, असे तिला जोडून म्हणावयास हरकत नाही. किंबहुना कच्चे खुराडे हे मोकळ्या परसाहूनही वाईट. कारण ते चोराला आत येऊ देते आणि कोंबडीला बाहेर जाऊ देत नाही.

सूड आणि पिंजरा

नुकसान झालेल्या माणसाच्या मनात प्रथम राग येतो, आणि तो येणे स्वाभाविक आहे. परंतु त्या रागातून जे घडते ते फार भयंकर असते. २०२१ सालच्या जानेवारीच्या पहिल्याच दिवशी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे बछडे मृत आढळले. जवळच मारलेल्या वासराचे कलेवर होते आणि त्यात विष कालविलेले होते. एका वासराच्या बदल्यात एक सबंध कुटुंब गेले, आणि ज्याचे वासरू गेले त्या घरावर फौजदारी गुन्ह्याचे संकट ओढवले. वाघ व बिबट हे दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत; त्यांस मारणाऱ्यास तीन वर्षांहून कमी नाही आणि सात वर्षांपर्यंत अशी कैद आहे. शिवाय विष किंवा कुंपणात सोडलेली वीज माणूस ओळखीत नाही. गावचे कुत्रे, शेजाऱ्याचे वासरू, पहाटे मोहफुले वेचावयास निघालेली बाई, यांपैकी कोणीही तिला बळी पडू शकते.

‘मारू नका, पण पकडून दूर तरी नेऊन सोडा,’ असे सुशिक्षित माणूस म्हणतो. हा उपाय दिसावयास दयाळू आहे. परंतु महाराष्ट्राने तो करून पाहिलेला आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नरच्या परिसरात २००१ च्या सुमारास शेतांतून बिबट पकडून सरासरी चाळीस किलोमीटरांवरील जंगलांत सोडण्याचा क्रम सुरू झाला. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रकाराचा अभ्यास करून २०११ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध केला तो विचार करावयास लावणारा आहे: पूर्वी त्या विभागात वर्षाकाठी सरासरी चार माणसांवर हल्ले होत, ते हा क्रम सुरू झाल्यावर सतरांवर गेले, आणि त्यांत प्राण घेणाऱ्या हल्ल्यांचे प्रमाणही दुपटीने वाढले. परक्या मुलखात सोडलेला प्राणी भेदरलेला असतो, आपल्या मूळ ठिकाणाकडे परतू पाहतो, आणि त्याची रिकामी झालेली जागा दुसरा बिबट येऊन भरतो. मोकळे खुराडे तसेच असते, पाहुणा मात्र बदललेला असतो.

याच अत्रेयबाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातील शेतीच्या मुलखात बिबट काय खातात याचाही शोध घेतला. त्यांच्या खाद्यात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा निघाला. त्यांत कुत्री एकटी ३९ टक्के. शेळ्या त्या भागात कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी त्यांचा वाटा अवघा ११ टक्के होता. या आकड्यांत आमच्या मते साऱ्या प्रश्नाचे मर्म आहे. शेळीची किंमत मालकास ठाऊक असते, म्हणून ती रात्री कोंडली जाते. कुत्रे कोणाचेच नसते, म्हणून ते मोकळे फिरते. बिबट जे सोपे असते ते घेतो. जे नीट कोंडलेले आहे ते सोडून देण्याइतका व्यवहार त्यास समजतो.

खुराडे असे असावे

आता प्रत्यक्ष उपायांकडे वळू. हिमालयापलीकडे लडाखच्या मार्खा खोऱ्यात हिमबिबट रात्री शेळ्यामेंढ्यांच्या कोंडवाड्यात उतरून एका वेळी कित्येक जनावरे मारीत असे, आणि मग गावकरी त्यास मारीत. तेथील कार्यकर्त्यांनी कोंडवाड्यांच्या उघड्या माथ्यावर लाकडाच्या वाशांवर तारेची जाळी बसवून दिली आणि दारे घट्ट केली. उपाय इतका साधा. परंतु त्याने जनावरेही राखली आणि सुडाचे निमित्तही काढून घेतले. लडाखात जे शेळीस लागू पडले ते भंडाऱ्यात कोंबडीस लागू पडण्यास काहीच हरकत नाही.

पहिली गोष्ट जागेची. खुराडे घराच्या जवळ, दृष्टीच्या व आवाजाच्या टप्प्यात असावे. परंतु ओसरीत, माणसांच्या अंथरुणाशी किंवा मुले निजतात त्या भिंतीशी लागून नसावे. त्याच्या भोवती वीस-पंचवीस फुटांपर्यंत घाणेरी, बेशरम, तुऱ्हाट्यांचे व सरपणाचे ढीग ठेवू नयेत. दडण्यास जागा नसली की बिबट मोकळ्या जमिनीवरून येण्यास कचरतो.

दुसरी गोष्ट जमिनीची. तळ कोबा केलेला किंवा दगड बसविलेला असावा. ते न जमल्यास चारी बाजूंनी जाळी दीड फूट खोल पुरून तिचे टोक बाहेरच्या अंगास वाकवावे. उकरणारा प्राणी भिंतीच्या पायथ्याशीच उकरतो आणि त्याची नखे जाळीवर अडतात.

तिसरी गोष्ट भिंतीची. बाजारात कोंबडीजाळी म्हणून जी पातळ षट्कोनी जाळी मिळते ती कोंबडीस आत ठेवते, बिबटास बाहेर ठेवीत नाही. एका पंजात ती फाटते. खालचे दोन-अडीच फूट विटांची भिंत घ्यावी आणि वर जाड तारेची, सांधे डाग दिलेली, इंचाहून लहान चौकटीची जाळी लोखंडी पट्टीत आवळून बसवावी. नुसत्या टिनाची बंद पेटी करू नये. भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात तिच्यात कोंबड्या बिबटाविनाच मरतील. वारा खेळला पाहिजे.

चौथी गोष्ट माथ्याची. बहुतेक खुराडी येथेच फसतात. कवेलू हे पावसासाठी आहे, पंजासाठी नव्हे. कवेलूखाली वाशांवर तीच जाड जाळी ठोकून घ्यावी, किंवा पत्रे असतील तर ते दगड ठेवून न दाबता बोल्टने आवळावेत.

पाचवी गोष्ट दाराची. दार लहान, लोखंडी चौकटीचे असावे आणि त्यास वर व खाली अशा दोन कड्या असाव्यात. सुतळीची गाठ, खिळ्यात अडकविलेली तार, बाहेरून टेकविलेली पाटी, यांस दार म्हणू नये.

सहावी गोष्ट आतील मांडणीची. दर कोंबडीस दीड ते दोन चौरस फूट जागा मिळावी. म्हणजे बारा कोंबड्यांस सहा फूट लांब व चार फूट रुंद खुराडे पुरते. बसण्याची दांडी मध्यभागी, जाळीपासून हातभर दूर असावी; कारण रानमांजर आत न येताही जाळीतून पंजा घालून पाय ओढते.

सातवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट पैशाची नसून नेमाची आहे. दिवस मावळताना कोंबडी आपण होऊन खुराड्याकडे वळते. त्या वेळी घरातील एका माणसाने त्या मोजाव्यात, आत घ्याव्यात व दोन्ही कड्या लावाव्यात. हे काम ‘कोणीतरी करील’ अशा भरवशावर असू नये. एकत्र कुटुंबात जे काम सर्वांचे असते ते कोणाचेच नसते, हा अनुभव आपल्या वाचकांस सांगावयास नकोच. देवापुढे सांजवात लावणे जसे एकीकडे सोपविलेले असते, तसेच हेही एकाकडे सोपवावे.

याखेरीज दोन पथ्ये. कोंबडी कापल्यावर आतडी-पिसे उकिरड्यावर टाकू नयेत, आणि मेलेला पक्षी नाल्यात फेकू नये, खोल पुरावा. या घाणीवर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट येतो, ही साखळी अकोल्याच्या आकड्यांवरून उघड आहे. दुसरे, परसात दिवा असावा. सौरदिवे आता खेडोपाडी मिळतात. परंतु केवळ दिव्यावर भिस्त ठेवू नये. रोज एकाच जागी जळणाऱ्या दिव्यास बिबट थोड्याच दिवसांत सरावतो.

रात्री गलका झाला तर

एवढे करूनही एखाद्या रात्री कोंबड्यांचा कलकलाट ऐकू आला, तर कंदील किंवा काठी घेऊन एकट्याने बाहेर धावू नये. अशा वेळी बाहेर पडणाऱ्या माणसास खरा धोका असतो. घरातूनच दिवे लावावेत, भांडी व पत्रे वाजवावेत, आरडाओरडा करावा; बिबटास पळण्यास वाट असेल तर तो पळतो. तो आतच अडकलेला असेल तर मात्र गोंगाट थांबवावा, मुलांस व कुत्र्यांस घरात घ्यावे आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. खुराड्यात अडकलेल्या बिबटापेक्षाही त्याला पाहावयास लोटलेली गर्दी अधिक घातक ठरते. कोणी छपरावर चढतो, कोणी फटीतून छायाचित्र घेऊ पाहतो, कोणी दगड मारतो, आणि कोंडीत सापडलेला प्राणी वाट फोडताना समोर येईल त्याला जखमी करतो. पथक येईपर्यंत लोकांस दूर ठेवणे हेच गावातील शहाण्या माणसाचे काम होय.

सकाळी पंचनाम्यापूर्वी काही हलवू नये आणि वनरक्षकास विनाविलंब कळवावे. शासनाची नुकसानभरपाई मुख्यत्वे गुराढोरांसाठी व शेळ्यामेंढ्यांसाठी आखलेली आहे. तिच्यावर विसंबून कोंबड्यांच्या घराने कडी ढिली ठेवू नये. परंतु वर्दी देण्याचा उपयोग भरपाईपुरताच नसतो. बिबट कोठे व किती वेळा आला याची नोंद झाली तरच पुढील सावधगिरी घेता येते.

खर्च कोणी करावा?

आता उरला तो खर्चाचा प्रश्न, आणि तो आम्ही मुद्दाम आपल्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. पक्के खुराडे बांधण्यास विटा, जाळी, पत्रा व लोहाराची मजुरी लागते. सालदाराच्या घरी ही रक्कम एकदम निघत नाही; म्हणून तो डालग्यावर दगड ठेवतो. शेतमालकाच्या घरी ती निघू शकते. सालाचा करार करताना धानाच्या किती खंड्या, कपड्याचे किती जोड, हे आपण ठरवितो. त्यातच एक पक्के खुराडे मालकाने बांधून द्यावयाचे असे का ठरू नये? ज्यांच्या घरी कोंबडी निषिद्ध आहे त्यांनाही यात अडचण वाटू नये. आपण कोंबडी पाळीत नाही, आपल्या आश्रयास असलेल्या घराचा आधार पाळतो. आणि त्याच रात्री आपल्या मुलांच्या खाटेपासून बिबटाची वाट दूर नेतो. बचतगटांतून, ग्रामपंचायतीतून व अभयारण्यालगतच्या गावांसाठी असलेल्या योजनांतूनही हे काम होऊ शकते. परंतु त्याची वाट पाहत एक पावसाळाही दवडू नये.

आश्विन वद्य द्वादशीस आपल्या घरी वसुबारस असते. सायंकाळी गायवासराची पूजा होते. त्याच दिवशी नाशिक-ठाण्याकडील डोंगरांत वारली, कोकणा इत्यादी आदिवासी वाघबारस पाळतात आणि आपल्या गुरांना सांभाळावे म्हणून वाघदेवास नैवेद्य दाखवितात. गाय आणि वाघ एकाच तिथीस पुजले जावेत यात मोठे शहाणपण आहे. वाघदेवापुढे हात जोडणारा तो गुराखी त्या रात्री कोठ्याचे दार उघडे टाकीत नाही. शेजाऱ्याचा मान राखावा आणि आपली कडीही लावावी, अशी त्याची रीत आहे. ज्या मुलखात बिबट राहणार आहेच, तेथे राहण्याची याहून चांगली रीत आम्हास ठाऊक नाही. वाचकांपैकी ज्यांची शेते पवनीकडे, साकोलीकडे किंवा जुन्नर-अकोल्याकडे आहेत, त्यांनी पुढच्या वेळी गावी गेल्यावर तिन्हीसांजेस एकदा घरामागे जावे आणि खुराड्याचे दार हाताने हलवून पाहावे. ते हलले, तर दुसऱ्या दिवशी लोहारास बोलवावे.